काउंटीचा आराखडा, सेप्टिक टाकी आणि जल मंडळाची तपासणी: कॅलिफोर्नियात जागा घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या ओळखीच्या काही मराठी कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत शहराबाहेर, डोंगराच्या बाजूला जागा घेतल्या. जागा बघताना लोक शाळा बघतात, वणव्याचा नकाशा बघतात, ऑफिसला पोचायला किती वेळ लागेल ते बघतात. सांडपाण्याचं मात्र सही करायच्या आदल्या रात्री फोन करून विचारतात. मी बरीच वर्षं सेप्टिक टाकीवर राहतो आणि काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक प्रशासनाच्या) सुनावण्यांना हौसेने जाऊन बसतो (हौस विचित्र आहे, मान्य), म्हणून ते फोन माझ्याकडे येतात. त्यातलेच प्रश्न इथे घेतले आहेत. मी वकील नाही, इंजिनिअरही नाही. तुमच्या काउंटीचा नियम अंतिमतः तिच्याच खिडकीवर विचारा.

सेप्टिक म्हणजे आपला गावाकडचा शोषखड्डाच ना?

अर्धं बरोबर. टाकी तीच. गाळ खाली बसतो, तेल-तूप वर तरंगतं, मधलं गढूळ पाणी पुढे जातं. फरक आहे तो त्यापुढे. आपल्याकडे ते पाणी बहुतेक वेळा एका खोल खड्ड्यात सोडतात. इथे ते लांब, उथळ चरांमधून जमिनीत पसरवतात, त्या पट्ट्याला लीच फील्ड म्हणतात. टाकी नुसता गाळ अडवते. पाणी शुद्ध करते ती चरांखालची माती. मातीत हवा खेळती असली की जंतू बरेचसे तिथेच संपतात. नायट्रोजन मात्र संपत नाही. टाकीतल्या अमोनियाचा मातीत गेल्यावर नायट्रेट होतो आणि पाण्यात विरघळून पाण्याबरोबर चालू लागतो. खालचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघालेत.

टाकीविना थेट खड्डा, म्हणजे सेसपूल, आता नव्याने करताच येत नाही.

जागा माझी, टाकी माझी. यात काउंटी कुठून आली? आणि काउंटीच्या वर आणखी कोण?

जागा तुमची, पण खालचं पाणी तुमचं एकट्याचं नाही. १९६९ च्या पोर्टर-कोलोन कायद्याने कॅलिफोर्नियात पाण्याच्या शुद्धतेची जबाबदारी एक राज्य जल मंडळ आणि नऊ प्रादेशिक जल मंडळं यांच्यावर टाकली. सांडपाणी नदीत सोडा की जमिनीत मुरवा, दोन्ही या मंडळांच्या अखत्यारीत. एकेका घराची टाकी तपासायला मंडळाकडे माणसं नव्हतीच, म्हणून ते काम वर्षानुवर्षं काउंटीचं आरोग्य खातं करत आलं. प्रत्येक काउंटीचा नियम वेगळा आणि काही ठिकाणी फारच ढिला होता.

२००० मध्ये विधानसभेने एबी ८८५ नावाचा कायदा केला: राज्यभर एकसारखे किमान नियम करा. ते व्हायला बारा वर्षं लागली. पहिल्या मसुद्यांवर खेड्यापाड्यांतून इतका गदारोळ झाला की ते मागे घ्यावे लागले. प्रत्येक घरमालकाने ठरावीक काळाने तपासणीचा खर्च करायचा, ही कल्पना कुणालाच रुचली नव्हती. अखेर १९ जून २०१२ ला राज्य मंडळाचं सेप्टिक धोरण मंजूर झालं आणि १३ मे २०१३ पासून लागू झालं. तेव्हा राज्यात अशा सुमारे १२ लाख यंत्रणा असाव्यात असा अंदाज होता.

मंडळ 'प्रादेशिक' का? काउंटीनिहाय का नाही?

पाण्याला काउंटीची हद्द कळत नाही म्हणून. मंडळांच्या सीमा पाणलोट क्षेत्राप्रमाणे आखल्यात. सांता क्लारा काउंटीच घ्या. सॅन होजेचं पाणी उत्तरेला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराकडे जातं, तर गिलरॉयकडचं पाणी दक्षिणेला पाहारो नदीतून मॉन्टेरेच्या उपसागरात. काउंटी एक आणि मंडळं दोन, एक ओकलंडला बसतं, दुसरं सॅन लुइस ओबिस्पोला. अशा काउंटीचा कार्यक्रम एकाच मंडळाने मंजूर करायचा आणि दुसऱ्याचा सल्ला घ्यायचा, अशी सोय धोरणात केली आहे.

'लॅम्प' 'लॅम्प' म्हणतात ते काय?

काउंटीने स्वतः तयार केलेला स्थानिक व्यवस्थापन कार्यक्रम. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला लॅम्प म्हणतात, दिव्याशी संबंध नाही. राज्याचे सरसकट नियम जसेच्या तसे पाळायचे, किंवा आपल्या माती-पाण्याला साजेसे नियम लिहून मंडळाकडून मंजूर करून घ्यायचे, हे काउंटीने ठरवायचं. पुष्कळ काउंट्यांनी दुसरा रस्ता धरला, कारण सरसकट नियमांत त्यांचे अर्धे प्लॉट बांधकामाला नालायक ठरले असते.

मग मंडळ या कार्यक्रमात तपासतं काय?

सगळ्यात रोचक भाग हाच, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

मंडळ विचारतं: तुमच्या काउंटीत माती उथळ कुठे आहे? खडकाला भेगा कुठे आहेत? भेगाळ खडकातून सांडपाणी गाळलं न जाता थेट विहिरीत उतरतं, म्हणून. खाजगी विहिरींवर जगणारी वस्ती कुठे दाट आहे? जुन्या, लहान प्लॉटांच्या वसाहती कुठे आहेत, जिथे टाक्या खेटून आहेत? कुठल्या नद्या-ओढे आधीच दूषित ठरलेत? पावसाळ्यात भूजल किती वर येतं? या प्रत्येक ठिकाणासाठी तुम्ही नक्की काय करणार?

म्हणजे विषय टाकीचा असला तरी प्रश्न सगळे जमिनीच्या वापराचे आहेत. कुठे किती घरं झालीत, आणि आणखी किती होऊ द्यायची?

काही गोष्टींत काउंटीला सूट देताच येत नाही. दिवसाला १०,००० गॅलनच्या, म्हणजे साधारण ३८,००० लिटरच्या वरची यंत्रणा काउंटी मंजूर करू शकत नाही, तो अर्ज मंडळाकडेच जातो. उतार ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर जमीन घसरणार नाही असा तज्ज्ञाचा अहवाल हवा. चराचा तळ आणि भूजल यांत किमान दोन फूट अंतर हवं, आणि चरांऐवजी टाकीनंतर खोल झिरप-खड्डा असेल तर दहा फूट. प्रक्रिया केलेलं पाणी जमिनीवर सोडायचं नाही.

मंजुरीनंतरही पिच्छा सुटत नाही. काउंटीने दर वर्षी १ फेब्रुवारीपर्यंत अहवाल द्यायचा: किती तक्रारी आल्या, त्यांचं काय झालं, किती परवाने दिले. दर पाच वर्षांनी भूजलाच्या गुणवत्तेचं मूल्यमापन करायचं. हा पंचवार्षिक अहवाल सार्वजनिक असतो. जागा घेण्याआधी तो मागवून वाचा. घर विकणाऱ्या एजंटच्या रंगीत पत्रकापेक्षा तुमच्या भावी गल्लीबद्दल त्यात जास्त खरं लिहिलेलं असतं.

अडीच एकराला एक घर, हा आकडा आला कुठून?

राज्याच्या सरसकट नियमांत एक तक्ता आहे. नवीन लेआउट पाडताना दर घरामागे सरासरी किती जमीन हवी, ते वार्षिक पावसावर ठरतं. १५ इंचांपर्यंत पाऊस असेल तर अडीच एकर, म्हणजे आपले शंभर गुंठे. १५ ते २० इंचांना दोन एकर. २० ते २५ ला दीड. २५ ते ३५ ला एक एकर. ३५ ते ४० ला पाऊण एकर. ४० इंचांच्या वर अर्धा एकर, वीस गुंठे.

पहिल्यांदा वाचलं की उलटं वाटतं. जिथे पाऊस कमी, जमीन कोरडी, तिथे तर जास्त घरं चालायला हवीत ना? पण तक्ता नायट्रेटचा आहे, चिखलाचा नाही. टाकीतून निघणाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ४० ते १०० मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. पिण्याच्या पाण्यातल्या नायट्रेटची मर्यादा नायट्रोजनच्या हिशेबात १० मिलिग्रॅम. हा फरक भरून काढायला वरून मुरणारं पावसाचं पाणी लागतं. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे १ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं बरंचसं वाफ होतं, झाडं पितात, वाहून जातं. उरलेलं मुरतं तेवढंच कामाचं. पाऊस कमी असेल तर तेवढंच मुरलेलं पाणी गोळा करायला जमीन जास्त लागते.

हा तक्ता मला प्रामाणिक वाटतो, पण भाबडाही. सरासरी पाऊस ही कॅलिफोर्नियात कागदावरचीच गोष्ट. तीन वर्षं दुष्काळ, मग एका हिवाळ्यात पूर. मंजूर लॅम्प असलेली काउंटी तक्त्यापेक्षा लहान प्लॉट करू देऊ शकते, पण पाण्याला धोका नाही हे दाखवायची जबाबदारी तिच्यावर येते.

आमच्या जागेच्या झोनिंगमध्ये 'एकराला एक घर' लिहिलंय. मग अडचण काय?

झोनिंगचा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय आणि किती बांधता येईल या नियमाचा, आकडा ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. काउंटीचा जनरल प्लॅन (जमीन वापराचा दीर्घकालीन आराखडा) एका खात्याने केलेला असतो, सेप्टिकची मंजुरी दुसऱ्या खात्याकडे. एका मजल्यावर 'तीन प्लॉट पडतील' ऐकायचं आणि वरच्या मजल्यावर 'एकच टाकी बसेल' ऐकायचं, हा अनुभव इथे सर्रास येतो. आपल्याकडे सातबारा एक सांगतो आणि विकास आराखडा दुसरंच, तसंच. व्यवहारात जो नियम जास्त कडक तोच चालतो.

मंडळाला झोनिंग करायचा अधिकार नाही. जमिनीचा वापर ठरवणं काउंटीचंच काम. पण जनरल प्लॅन बदलताना किंवा मोठा लेआउट मंजूर करताना काउंटीला पर्यावरणीय परिणामांचा अहवाल खुला करावा लागतो, आणि त्यावर मंडळ लेखी शेरे देतं. ती पत्रं कोरडी आणि विनम्र असतात. 'या घनतेला भूजल पुरेल असा आधार अहवालात दिसत नाही' अशा अर्थाचं वाक्य आलं, की समजावं मंडळ नाराज आहे.

मंडळ काउंटीला साफ 'नाही' म्हणू शकतं का?

हो. लॅम्प नामंजूर झाला तर राज्याचे सरसकट नियम लागतात. त्याहून मोठं हत्यार म्हणजे एखाद्या भागात नव्या-जुन्या सगळ्या सेप्टिक यंत्रणांवर बंदी. ते क्वचितच उगारतात. उगारलं की काय होतं त्याची गोष्ट पुढे.

लॉस ओसोसमध्ये नक्की काय झालं?

सॅन लुइस ओबिस्पो काउंटीत, मॉरो उपसागराच्या काठावर, वाळूच्या टेकड्यांवर वसलेलं जेमतेम पंधरा हजारांचं गाव. जुन्या काळी इथे लहान लहान प्लॉट पाडून विकले गेले, आणि नंतरच्या दशकांत त्यांवर घरं उभी राहिली. प्रत्येक घराला टाकी, खाली वाळू. वाळूतून पाणी भरभर उतरतं, पर्क टेस्ट (पाणी मुरण्याची चाचणी) झकास पास होते, आणि नायट्रेट तितक्याच झपाट्याने खाली जातो.

१९८३ मध्ये प्रादेशिक मंडळाने ठराव केला: गावाच्या मोठ्या भागात सेप्टिकचं सांडपाणी जमिनीत सोडायला बंदी. १९८८ मध्ये ती लागू झाली आणि नवीन बांधकाम थांबलं. सांडपाण्याची गटारयोजना करायची हे ठरलं, पण कुठे, कितीची आणि पैसे कुणाचे, यावर गाव उभं फुटलं. १९९८ मध्ये लोकांनी स्वतःचा सेवा जिल्हा, म्हणजे अशा सोयी चालवणारी निवडून दिलेली स्थानिक संस्था, स्थापन केला. २००५ मध्ये गावाच्या मधोमध प्रकल्पाचं काम सुरू झालं, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मतदारांनी सेवा जिल्ह्याच्या संचालकांना मतदान करून मुदतीआधीच हटवलं आणि काम थांबलं. मंडळाने सेवा जिल्ह्याला ६६ लाख डॉलरचा दंड ठोठावला. चाळीसहून जास्त घरमालकांची नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून त्यांना वैयक्तिक मनाई-आदेश पाठवले. हे शेजारी शेजारी राहणारे लोक होते, एकाला आदेश आला आणि दुसऱ्याला नाही. २००६ मध्ये सेवा जिल्हा दिवाळखोरीत गेला. शेवटी राज्याने कायदा करून प्रकल्प काउंटीच्या हाती दिला, आणि २०१६ मध्ये शुद्धीकरण केंद्र सुरू झालं. ठरावापासून तेहतीस वर्षांनी.

दरम्यान वरच्या थरातलं पाणी नायट्रेटने बिघडलं म्हणून गाव खालच्या थरातलं पाणी उपसत राहिलं, तर तिकडे समुद्राचं खारं पाणी आत सरकू लागलं. गटार झाल्यावरही नवीन घरांचा प्रश्न पिण्याच्या पाण्यावर अडला. वाढीचा वेग पाण्याशी जोडणाऱ्या आराखड्याला राज्याच्या किनारा आयोगाची (किनारपट्टीवरच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या संस्थेची) मंजुरी मिळेपर्यंत २०२४ उजाडलं.

मंडळ खलनायक होतं का? माझ्या मते नाही, पण ते घरमालकांना निवडून धमकावणं मला आजही पटत नाही. मूळ चूक कितीतरी आधीची: प्लॉट पाडताना पाण्याचा हिशेब कुणी मांडलाच नाही.

२०१२ च्या धोरणातले 'टियर', म्हणजे वर्ग, कुठले, आणि मी कुठल्या टियरमध्ये?

शून्य: जुनी, व्यवस्थित चालणारी यंत्रणा, काही करायला नको. एक: नवीन, पण राज्याचे सरसकट नियम पाळणारी. दोन: काउंटीच्या लॅम्पखालची. तीन: नायट्रोजन किंवा जंतूंमुळे दूषित ठरलेल्या पाण्याजवळची. चार: बिघडलेली, दुरुस्ती करायलाच हवी. बहुतेक जुन्या घरांचे मालक शून्यात असतात आणि त्यांना ते माहीतही नसतं.

पर्क टेस्ट पास आहे म्हणून एजंट सांगतोय. पुरे ना?

नाही. ती टेस्ट पाणी किती वेगाने मुरतं एवढंच सांगते. लॉस ओसोसची वाळू आठवा. वर्ष विचारा, ऋतू विचारा. ऑगस्टमध्ये खणलेला खड्डा कोरडाच असणार, भूजल बघायचं ते फेब्रुवारीत, जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. शिवाय लीच फील्ड कधी ना कधी थकतं. त्याच्या बदली दुसरं करायला तेवढीच मोकळी जागा राखून ठेवलेली आहे का, ते नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगा. तिथे कुणी स्विमिंग पूल केलेला असेल, तर वेळीच कळलेलं बरं.

विहीरही त्याच प्लॉटवर आहे. चालतं?

सरसकट नियमांत चरांपासून विहीर किमान १०० फूट लांब हवी, वाहता ओढाही १०० फूट, तळं किंवा पाणथळ असेल तर २०० फूट. फक्त तुमची विहीर नाही, शेजाऱ्याचीही. पाच एकरांचा प्लॉट असूनही टाकीला जागा सापडत नाही ती याच वर्तुळांमुळे. कागदावर ती काढून बघा.

पाणी दर वर्षी तपासून घ्या. अहवालात नायट्रेट दोन पद्धतींनी लिहितात: नायट्रोजन म्हणून असेल तर मर्यादा १०, नायट्रेट म्हणून असेल तर ४५. भारतीय मानकातही ४५ च आहे. आणि एक सवय इथे उपयोगी नाही: पाणी उकळणं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र तसाच राहतो आणि पाणी आटेल तसा लिटरमागे वाढतो. घरात बाटलीने दूध पिणारं बाळ असेल तर हे विशेष लक्षात ठेवा. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, अंग निळं पडतं.

आई-बाबा सहा-सहा महिने येतात. मागे त्यांच्यासाठी छोटं घर बांधलं तर?

राज्याच्या कायद्याने अशी जोडघरं बांधणं बरंच सोपं केलंय, पण सेप्टिक असेल तर आरोग्य खात्याची मंजुरी लागतेच. काउंटी गेल्या पाच वर्षांतली पर्क टेस्ट मागू शकते. जुनी टेस्ट पुन्हा प्रमाणित करून घेतलेली असेल तर दहा वर्षांपर्यंतची चालते. यंत्रणेचा आकार सहसा बेडरूमवर ठरतो, माणसांवर नाही. 'ते फक्त दोघंच आहेत हो' हे खिडकीवर चालत नाही. 'स्टडी' म्हणून दाखवलेल्या खोलीला दार आणि कपाट असलं, की अधिकारी ती बेडरूम म्हणूनच मोजतात.

नायट्रोजन कमी करणारी महागडी यंत्रणा लावली तर नियम सैल होतात?

काही ठिकाणी होतात, काही ठिकाणी ती लावणं सक्तीचंच असतं. तिसऱ्या टियरमध्ये नायट्रोजनसाठी लावायची यंत्रणा एकूण नायट्रोजन निम्म्याने कमी करते असं प्रमाणित झालेलं असावं लागतं. पण तिला पंप लागतो, वीज लागते, देखभालीचा करार लागतो. डोंगरात वणव्याच्या भीतीने वीज तोडतात तेव्हा तीही झोपते. जागा पुरेशी असेल तर साधे चर आणि चांगली माती यांवर माझा जास्त विश्वास आहे.

शेजारी चाळीस घरांचा लेआउट येतोय. आपण सुनावणीला जाऊन काय बोलणार?

बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. 'आमची शांतता जाईल' यात ती घालवू नका. तीनच प्रश्न विचारा: दर घरामागे सरासरी जमीन किती धरली? आजूबाजूच्या विहिरींतला नायट्रेट सध्या किती? प्रादेशिक मंडळाने शेरे दिलेत का, आणि काउंटीने त्यांना काय उत्तर दिलं? हेच लेखीही द्या, कारण लेखी मुद्द्याला अहवालात उत्तर द्यावं लागतं. एका सुनावणीत मी एका आजोबांना फक्त आपल्या विहिरीचे वीस वर्षांचे तपासणी-कागद टेबलावर मांडताना पाहिलंय. त्यानंतर सल्लागाराचे रंगीत तक्ते कुणी बघितले नाहीत.

गणपतीला घरी साठ माणसं जेवायला असतात. टाकी तुंबेल का?

एका दिवसाने सहसा नाही, पण त्याच दिवशी चार वेळा कपडे धुवायचं मशीन लावू नका. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, डब्यात भरून कचऱ्यात टाका. सिंकखालचं खरकटं दळायचं यंत्र असलंच तर विसरून जा. टाकी तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्या.

घर घेतलं, पण टाकी कुठे आहे तेच सापडत नाही.

आधी काउंटीच्या आरोग्य खात्याकडे पत्ता देऊन जुना परवाना आणि नकाशा मागा. नाही मिळाला तर घराबाहेर पडणाऱ्या जाड पाइपाची दिशा धरा, आणि मे-जूनमध्ये, सगळं आवार पिवळं पडलेलं असताना, हिरवे पट्टे कुठे दिसतात ते बघा. चर तिथे असतात. त्यांवर गाडी उभी करू नका, आणि लिंबाचं झाड थोडं लांब लावा.